चिऊ, डबा खात जा

चिऊ,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर मी ओरडले आणि तू फोन ठेवलास, मग रात्रभर झोप नाही लागली म्हणून हे लिहितेय, बोलायला गेले की माझा आवाज चढतो. क्लासमध्ये तुला चक्कर आली हे तुझ्या रूममेटकडून कळलं त्याचं जास्त लागलं गं. बाबांनी तो रिपोर्ट तीनदा वाचला. हिमोग्लोबिन ८.९. तुझ्या वयाला कमीत कमी १२ तरी पाहिजे. काल रात्री डबा खाल्लास का?

लेक्चर देणार नाही असं ठरवून बसलेय. फक्त डॉक्टरबाई म्हणाल्या ते सांगते. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलांना २६, कारण अंग अजून वाढतंय आणि वर दर महिन्याला पाळीत रक्त जातं ते वेगळंच. सकाळी नुसता चहा आणि दोन टोस्ट, त्यातनं कुठून येणार? आणि चहा जेवणाला लागून घेतलास तर पालेभाजीतलं लोहसुद्धा अंगी लागत नाही, मध्ये तासभर तरी जाऊ दे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, दुधाबरोबर नको. शी काळी होईल, त्याला घाबरून गोळी बंद करू नकोस. शाळेत सोमवारी निळी गोळी द्यायचे ती तू दप्तरात लपवायचीस हे मला आत्ता कळतंय, दादाने सांगितलं.

झालं बघ लेक्चर. सॉरी.

तुझं उष्टावण आठवलं रात्री. साडेसहा महिन्यांची, मामाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीतली खीर जिभेला लावली तर अख्ख्या झबल्यावर सांडलीस. लगेच मी कामावर रुजू झाले आणि आक्का तुला दिवसभर गाईच्या दुधावरच ठेवायच्या, बाळ गुटगुटीत म्हणून सगळे खूश. नऊ महिन्यांच्या लशीला गेलो तेव्हा सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वर्षाच्या आत गाईच्या दुधावर भागवू नका, त्यात लोह नसल्यासारखंच असतं, आणि जन्मताना पोटात आणलेला साठा सहा महिन्यांत संपत येतो. त्या दिवसापासून मुगाचं खिमट, नाचणीचं सत्त्व, पालक उकडून कुस्करून, काय काय केलं. पण ते मधले दोन-तीन महिने माझ्या डोक्यातनं जात नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते आता धरून बसू नका, आज ती काय खाते ते बघा. तेच तर मला दिसत नाही ना, इतक्या लांबून.

दहावीला ९४ टक्के काढून एकटी लातूरला राहतेस, बाबा रिक्षावाल्यालाही सांगतात. मला तुझा अभिमान आहेच. पण चिऊ, खरं सांग, त्या फोटोखाली कुणीतरी 'जाडी' लिहिलं तेव्हापासनं रात्रीची पोळी सोडलीस ना? आणि दिवाळीत मीच म्हणाले होते, ड्रेस घट्ट होतोय तुला. ते मी बोलायला नको होतं. या वयात मुलीचं अंग भरतंच, माझंही भरलं होतं, तेव्हा मलाही कुणीतरी बोललं होतं आणि वर्षभर मी ओढणी नीट करत फिरले, तरी तुला तेच बोलले. चुकले मी. ड्रेस उसवून घेऊ, शिवणीत दोन इंच कापड आहे.

मेसवाल्या काकूंशी बोललेय, आठवड्यातून तीनदा उसळ करणार आहेत, वर लिंबू पिळ. अंडंही खात जा, आक्कांना नाही सांगणार.

शनिवारी बाबा येतायत. हळिवाचे लाडू दिलेत, नारळाच्या पाण्यात हळीव भिजवून केलेत तुला आवडतात तसे, पण लवकर संपव, ओल्या खोबऱ्याचे आहेत. आणि डब्याखाली पेपरात गुंडाळून परसातली लिंबं ठेवलीत, आक्कांनी स्वतः तोडलीत.

तुझी आई