मक्केच्या ओसरीवरून

बांदा आचे (इंडोनेशिया), शुक्रवार

ती. आई-बाबांना, सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सगळंच वाहून गेलं होतं, मग घरं बांधली ती कोणाच्या जागेवर?" रेंज जात होती, म्हणून सविस्तर लिहिते. त्सुनामीनंतर, २००५ साली, इथल्या सगळ्यांचं घोडं याच प्रश्नावर अडलं होतं.

घटना तुम्हाला माहीत आहे. २६ डिसेंबर २००४, रविवार, सकाळी आठला दोन मिनिटं कमी, ९.१ तीव्रतेचा भूकंप. समुद्रतळ इथून पार आपल्या अंदमानपर्यंत, सुमारे १,३०० किलोमीटर फाटत गेला. मागोमाग त्सुनामीच्या लाटा. मेलेले आणि बेपत्ता मिळून आचे या एका प्रांतात सुमारे १ लाख ६७ हजार माणसं गेली. वीज तयार करणारं २,६०० टनांचं जहाज दोन-तीन किलोमीटर आत वस्तीत येऊन बसलं, ते आजही तिथेच आहे.

पण जमीन? हद्दीचे दगड, कुंपणं, माड, सगळं गेलं. किनारपट्टी खचल्यामुळे काहींचे प्लॉट कायमचे समुद्रात गेले. भूमी अभिलेखाचे कागद चिखलात बुडाले होते. ओला कागद उबदार हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात; उन्हात घाईने वाळवला तर वेडावाकडा होतो. म्हणून जपानी तज्ज्ञांच्या मदतीने ते गठ्ठे आधी गोठवले, जकार्त्याला नेले आणि तिथे निर्वातात वाळवले. निर्वातात बर्फाची थेट वाफ होते, मध्ये पाणी होतच नाही, त्यामुळे शाई फुटत नाही. हे काम मला फार आवडलं. पण खरी गोम अशी, की खेड्यांतल्या बहुतेक जमिनींची नोंदच नव्हती. तिथे गठ्ठे वाचवूनही उपयोग शून्य.

मग गावच एकत्र बसलं. वाचलेले लोक शेजाऱ्यांना घेऊन जागेवर चालत गेले आणि "इथे तुझी विहीर, इथून माझं अंगण" करत खुंट्या मारल्या. नकाशा काढून दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, तो सर्वांना बघायला लावला, हरकती मिटवल्या, आणि मग सरकारी मोजणी. ज्या घरात एखादं पोरच उरलं होतं तिथे वारस आणि पालक शरियत न्यायालयाने ठरवले. जमिनीचं प्रमाणपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं ठरलं होतं, ते मात्र फार थोड्या ठिकाणी झालं.

घर साधारण ३६ चौरस मीटरचं. पुनर्बांधणीसाठी सरकारने वेगळी संस्था काढली, चारच वर्षांची, एप्रिल २००५ ते एप्रिल २००९. तेवढ्या काळात १ लाख ४० हजारांच्या आसपास घरं झाली. भिंत अर्ध्या विटेची, पण चारही बाजूंनी काँक्रीटच्या चौकटीत आवळलेली. आपल्याकडे आधी कॉलम उभे करतात आणि मग विटा भरतात, इथे उलट. आधी भिंत चढवायची, कडेच्या विटांना दाते सोडायचे, आणि त्या दात्यांत कॉलमचं काँक्रीट ओतायचं. भिंत आणि कॉलम एकजीव होतात. कॉलम १५ बाय १५ सेंटिमीटर, त्यात १० मिमीच्या चार सळया, ८ मिमीच्या रिंगा दर १५ सेंटिमीटरवर. काँक्रीट १:२:३, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी. दर सहा थरांनंतर कॉलममधून १० मिमीची सळई ४० सेंटिमीटर भिंतीत सोडायची. विटा भिजवून घ्यायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी पिऊन टाकतात आणि सांधा भुसभुशीत राहतो.

चुका कुठे झाल्या? रिंगेच्या टोकात. टोक १३५ अंशात वळवून कॉलमच्या पोटात जायला हवं. गवंडी ते ९० अंशात सोडतो, कारण वळवायला सोपं. भूकंपात वरचं काँक्रीट उडालं की ती रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. दुसरी चूक वाळूची. नदीची वाळू महाग झाली की समुद्राची येते. तिच्यातल्या मिठाने सळई आतून गंजते आणि काही वर्षांत काँक्रीट तडकतं. लाकूड ओलं वापरलं, ते वाळताना आकसलं. मदतीच्या कितीतरी होड्यांचंही तेच झालं: फळ्या आकसल्या, सांधे उघडले आणि होड्या किनाऱ्यावरच कुजल्या. बाबा, निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे पत्रे उडाले ते आठवा. पावसाआधी आपल्या पडवीचे वासे भिंतीच्या माथ्याला पट्टीने बांधून घ्या. नुसते खिळे पुरत नाहीत, वारा खालून उचलतो.

आई, तू मोठ्या मशिदीबद्दल विचारलं होतंस. बैतुर्रहमान लाटांत उभी राहिली. लाम्पुक गावात तर जवळजवळ मशीदच तेवढी उरली. लोक म्हणतात, अल्लाची कृपा. इंजिनिअर म्हणतात, जाड खांब आणि मोकळ्या कमानी, पाणी आरपार गेलं. दोन्ही मतं इथे एकाच चहाच्या टेबलावर सुखाने नांदतात. आजची इमारत मात्र डचांनी बांधलेली आहे, हे ऐकून तुला गंमत वाटेल. १८७३ साली त्यांनी आचेवर स्वारी केली. त्या लढाईत त्यांचा सेनापती कोलर मशिदीसमोर गोळी लागून पडला आणि जुनी मशीद जळाली. लोकांचा राग शमावा म्हणून १८७९ ते १८८१ मध्ये त्यांनीच नवी बांधून दिली, एका घुमटाची. १९३५ साली घुमट तीन झाले, आता सात आहेत. युद्ध पुढे कित्येक वर्षं चाललं, तेव्हा घुमटाने राग शमला नाही हे उघड आहे.

आचेला म्हणतात 'सेरांबी मक्का', म्हणजे मक्केची ओसरी. हजला निघालेले लोक इथून जहाजात बसत. मिरीच्या व्यापारावर हे राज्य मोठं झालं. सुलतान इस्कंदर मुदाचा काळ १६०७ ते १६३६. त्याच्या जावयाच्या दरबारातला सर्वांत वजनदार आलीम, म्हणजे धर्मपंडित, नूरुद्दीन, आपल्या सुरतेजवळच्या रांदेरचा. आणि १६४१ ते १६९९ अशी सलग ५८ वर्षं इथे चार राण्यांनी राज्य केलं. हे सांगितलं की आपल्याकडचे लोक चमकतात.

१९७६ पासून इथे स्वातंत्र्यासाठी सशस्त्र बंडही चालू होतं. त्सुनामीनंतर आठ महिन्यांच्या आत, १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत सरकार आणि बंडखोरांचा करार झाला. तो झाला नसता तर विटांचे ट्रक आतल्या गावांत पोचलेच नसते.

शेतीचं आपल्या खाजणासारखंच. खारं पाणी शिरलं की आधी निचऱ्याचे चर मोकळे करायचे, मग बांध घालून पावसाचं पाणी साठवायचं, सोडायचं, पुन्हा साठवायचं. चर तुंबलेले असतील तर मीठ जाणार कुठे? रेताड जमिनी लवकर सुधारल्या, चिकण मातीच्या रेंगाळल्या. अशा जमिनीत भुईमुगाचा वेल हिरवागार, शेंगही दिसायला ठीक, फोडली की आत दाणा नाही. विहिरींत लोकांनी पंप लावून भराभर उपसा केला, तो उलटला. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं; जोरात उपसलं की खालचं खारं वर येतं. गाळ काढायचा, थोडं थोडं उपसायचं आणि पावसाची वाट बघायची, एवढंच हातात असतं.

सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, वस्ती सुमारे ७८ हजार. त्सुनामीत गेले ते सात. तिथे १९०७ सालच्या लाटेची आठवण 'स्मोंग' या एका शब्दात जिवंत होती. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की "स्मोंग!" ओरडायचं आणि डोंगर गाठायचा. उलट या शहरात ११ एप्रिल २०१२ ला ८.६ चा भूकंप झाला, तेव्हा लोक गाड्या-मोटरसायकली घेऊन निघाले आणि रस्त्यातच अडकले. लाटेपासून वाचायला खास बांधलेल्या उंच इमारती जवळ असूनही लोक त्यांत गेले नाहीत. लाट मोठी नव्हती, म्हणून निभावलं.

आज शुक्रवार, त्यामुळे बंदर शांत आहे. काल सूर्यास्तापासून कोणी समुद्रात गेलेलं नाही. 'पांग्लिमा लाओत', म्हणजे कोळ्यांचा समुद्रावरचा मुखिया, त्याचा हा नियम जुना आहे; मोडला तर मासळी जप्त आणि होडी तीन ते सात दिवस बांधून ठेवतात. त्सुनामीनंतर त्यांनी त्यात एक तारीख वाढवली, २६ डिसेंबर. दुपारच्या नमाजानंतर होड्या सुटतील, तेव्हा मासळी मिळेल. तोवर भातावर पिवळं वरण.

तुमची,
धाकटी