मा. पर्यटनमंत्री, डॉल्फिनच्या मागे लागणाऱ्या होड्यांना आवर घाला

मा. पर्यटनमंत्री,
गोवा राज्य, पणजी

सविनय नमस्कार.

रात्री दहानंतर किनाऱ्यावर कर्णे वाजले की आम्ही पोलिसांना फोन करतो. त्याच किनाऱ्यासमोर पाण्याखाली दिवसभर जो गोंगाट चालतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सिकेरीहून किंवा कोको बीचवरून सुटणाऱ्या डॉल्फिन-सफरीत आपण एकदा साधे प्रवासी म्हणून बसावे. 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत' या बोलीवर गिऱ्हाईक मिळवले जाते. मग पाठीवरचे कुबड दिसले रे दिसले की आसपासच्या साऱ्या होड्या तिकडे वळतात. डॉल्फिन बुडी मारतो, लांबवर डोके काढतो; पुन्हा इंजिने गरजतात. सोबत पिल्लू असले तरी पाठलाग सुटत नाही. तांडेलाला तरी किती दोष द्यायचा? त्याची दिवसाची कमाईच त्या बोलीवर टांगलेली असते.

मांडवी-झुवारीच्या मुखाशी पाणी गढूळ. तिथे या डॉल्फिनचे डोळे म्हणजे त्यांचे कान. ते टिकटिक आवाज सोडतात आणि मासळीवर आपटून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोचतो. शिट्ट्या घालून ते एकमेकांचा ठावठिकाणा ठेवतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. होडीच्या इंजिनाच्या पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा कल्लोळ त्यात मिसळला की शिट्टी बुडून जाते. त्यातही गिअर बदलतानाचा खटका फार मोठा असतो, आणि तो वारंवार होतो तो नेमका डॉल्फिनजवळ पोचल्यावर.

मासेही गप्प नसतात. ढोमा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोल वाजवतो, विणीच्या काळात तर जोरात. ग्रँड आयलंडजवळचे माशांचे असे सामूहिक आवाज आपल्याच दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ध्वनिमुद्रित केले आहेत. जाणकार शोधायला दूर जायला नको.

गोंगाट कमी केल्याने फरक पडतो का? सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातली जहाजांची ये-जा घटली, पाणी शांत झाले आणि तिथल्या राइट देवमाशांच्या विष्ठेतली तणावाची संप्रेरके उतरलेली आढळली.

आपल्या कुबडाच्या डॉल्फिनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. तेव्हा सफरीच्या परवान्यातच अटी घाला: डॉल्फिन दिसताच वेग उतरवायचा, ठरावीक अंतरावर थांबायचे, एका कळपाजवळ एका वेळी दोनच होड्या, आणि 'नाही दिसला तर पैसे नाहीत' ही जाहिरात बंद. ही शेवटची अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती पाळली गेली तर पाठलागाचे कारणच उरत नाही. होडीवाल्यांना बोलावून, त्यांचे ऐकून नियम करा; त्यांच्याइतके हे पाणी कुणाला ठाऊक आहे?

पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरण्याआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
मांडवीकाठचा एक रहिवासी