गट्सला कुणाच्या हाती सोपवायचं?

गोरेगाव, मुंबई
१८ जानेवारी

प्रिय निखिल,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज काल लोकलमध्ये ऐकला. उत्तर बोलून देणार होते, पण गर्दीत धड बोलता येईना, आणि हा विषय घाईत उरकण्यासारखाही नाही. म्हणून पत्रच लिहायला बसले. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की केंतारो मिउरांच्या 'बर्सर्क' या मंगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, पुन्हा अ‍ॅनिमेशन करायचं तर ते युफोटेबल स्टुडिओनेच करावं, दुसऱ्या कुणी हात लावू नये. मला ते पटत नाही. युफोटेबल सोडून कुणीही चालेल असं मी म्हणत नाही, पण युफोटेबल नको. का, ते सविस्तर सांगते.

मी दिवसभर कॉम्पचं काम करते, म्हणजे वेगवेगळे लेअर एकत्र बसवून त्यांचा एक शॉट करायचं काम. त्यामुळे युफोटेबलचं काम बघताना माझे डोळे आधी तिकडेच जातात. त्यांच्या 'डीमन स्लेयर' मालिकेत नायक तान्जिरोच्या तलवारीमागून पाण्याची लाट उठते ना, तिची रेषा जुन्या जपानी लाकडी छाप्यांसारखी जाड ठेवली आहे आणि तरी ती अंधारात, पावसात, हलत्या कॅमेऱ्यात कुठेच उपरी वाटत नाही. हे फार अवघड आहे. त्यांचा डिजिटल विभाग कंपनीच्या आतलाच आहे, कॉम्पची धुरा सांभाळणारे युइची तेराओ कितीतरी वर्षं तिथे आहेत, आणि चित्रकार, थ्रीडीवाले, कॉम्पवाले एका छताखाली बसून शॉट घडवतात. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण त्यांची सगळी ताकद उजेडात आहे. ठिणग्या, धुकं, तलवारीच्या पात्यावरून सरकणारी चकाकी. मिउरांची पानं नेमकी याच्या उलट आहेत. 'बर्सर्क'मध्ये अंधार आधीपासून असतो आणि उजेड त्यातून कोरून काढलेला असतो. कथानायक गट्सच्या चिलखतावरची सावली म्हणजे शेकडो बारीक रेघा आहेत, प्रत्येक रेघ माणसाच्या हाताने ओढलेली. त्यावर ग्लो, म्हणजे संगणकावरची चमक, टाकला की ती रेघ मेली. ड्रॅगनस्लेयर ही तलवार म्हणजे लोखंडाचं जाडजूड धूड आहे, ती चकाकायला लागली तर तिचं वजनच जातं. तुला जे दृश्य डोळ्यासमोर दिसतंय ते देखणं असेल यात शंका नाही. पण गट्सची गोष्ट देखणी होऊन चालणार नाही.

आता आधीच्या प्रयत्नांकडे ये. १९९७ची मालिका तू 'जुनाट' म्हणून बाजूला सारलीस. माझ्यासाठी आजही तीच सर्वांत जवळची आहे. ओएलएम कंपनी, दिग्दर्शक नाओहितो ताकाहाशी, २५ भाग. पैसा बेताचाच असावा हे पडद्यावर दिसतं. लढाईत मधेच चित्र थांबतं, आणि त्या थांबलेल्या चित्राला रंगवलेल्या कॅनव्हाससारखा पोत येतो, कॅमेरा त्यावरून हळूहळू सरकतो. एरवी ही काटकसर म्हटली जाईल. पण मिउरांच्या पानावर आपली नजर अशीच थांबते ना! आपण पान भरभर उलटत नाही, एका चौकटीवर रेंगाळतो. ताकाहाशींच्या मालिकेला ते रेंगाळणं जमलं होतं.

टेकडीवरचा प्रसंग आठव. गट्सने एकट्याने शंभर माणसांना तोंड दिलंय. त्यानंतरच्या रात्री तो आणि त्याच्याच सेनेतली कास्का खाली पसरलेल्या छावणीकडे बघत उभे आहेत. ठिकठिकाणी शेकोट्या पेटल्या आहेत. गट्स म्हणतो, की यातली प्रत्येक शेकोटी म्हणजे कुणाचं तरी छोटंसं स्वप्न आहे, सगळ्यांनी आपापली ज्योत सेनापती ग्रिफिथच्या मोठ्या जाळात आणून टाकली आहे. आणि मग स्वतःबद्दल सांगतो, की त्या जाळात माझी ज्योत नाही, मी नुसता ऊब घ्यायला थांबलो होतो. या प्रसंगात कुणी तलवार उपसत नाही, कुणी ओरडत नाही. दोन माणसं बोलतात आणि खाली आग जळते. पण पुढे गट्स सेना सोडून का जातो, ग्रिफिथ का कोसळतो, ग्रहणाच्या दिवशी, म्हणजे ग्रिफिथ आपल्याच सेनेचा बळी देतो तेव्हा, काय काय जळून जातं, त्या सगळ्याचं मूळ इथे आहे. १९९७च्या मालिकेने हा प्रसंग नीट वेळ देऊन केला. स्टुडिओ फोर डिग्री सीच्या २०१२-१३च्या तीन चित्रपटांत तो गाळला! दिग्दर्शक तोशियुकी कुबोओका यांनी लढाया भव्य केल्या, तिसऱ्या चित्रपटातलं ग्रहण अंगावर काटा आणतं, पण गट्स का निघून जातो हे त्या चित्रपटांतून पुरतं कळत नाही. २०२२मध्ये तेच चित्रपट कापूनजोडून १३ भागांची टीव्ही आवृत्ती केली, तेव्हा शेकोटीचा प्रसंग नव्याने काढून घातला. म्हणजे काय राहून गेलं होतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

२०१६-१७च्या मालिकेबद्दल तू जे बोललास ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. फक्त एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. 'सीजी (संगणकावर घडवलेलं थ्रीडी चित्र) वापरलं म्हणून वाट लागली' हे सरसकट विधान मला अन्यायाचं वाटतं. तिथला एक शॉट थांबवून बघ. गट्सच्या थ्रीडी चेहऱ्यावर मिउरांसारख्या बारीक रेघा पोत म्हणून चिकटवल्या आहेत. चेहरा स्थिर असतो तोवर ठीक. मान वळली की रेघाही गालासकट वळतात. कागदावर रेघ म्हणजे सावली असते. चेहरा वळला, प्रकाश बदलला, की चित्रकार सावली नव्याने काढतो. इथे सावली कातडीवर गोंदल्यासारखी झाली आहे. त्यात कॅमेरा सतत गरगर फिरतो, त्यामुळे नजर ठरतच नाही. हा सगळा निर्णयांचा दोष आहे, हत्याराचा नाही. घोडदळ, जहाजं, दूरवर पसरलेलं सैन्य यासाठी थ्रीडी लागणारच. ते कुठे थांबवायचं आणि हाताचं चित्र कुठे सुरू करायचं हे कळणारा माणूस वर हवा.

आणि मला मुख्यतः हेच सांगायचंय. आपण स्टुडिओची पाटी बघतो आणि माणसं विसरतो. ज्या १९९७मध्ये ओएलएमने 'बर्सर्क' केलं, त्याच वर्षी त्याच ओएलएममध्ये 'पोकेमॉन'ही सुरू झालं. पाटी एक, पण पिकाचू आणि गट्स यांच्यात काय साम्य सांगशील? 'वन पंच मॅन'चं बघ. २०१५चा पहिला सीझन मॅडहाउसचा म्हणून सगळे मॅडहाउसचं नाव घेतात. प्रत्यक्षात दिग्दर्शक शिंगो नात्सुमेंच्या ओळखीचे, त्यांच्यासाठी काम करायला तयार असलेले एकाहून एक फ्रीलान्स चित्रकार त्या मालिकेभोवती गोळा झाले होते. २०१९ला दुसरा सीझन जे. सी. स्टाफकडे गेला, दिग्दर्शक बदलला, ती सगळी मंडळी पांगली. लोक आजही जे. सी. स्टाफला शिव्या घालतात. पण दुसरा सीझन मॅडहाउसमध्येच राहिला असता आणि नात्सुमे नसते, तर पहिल्यासारखा झाला असता का? मला नाही वाटत.

याच्या उलट उदाहरण म्हणजे 'विनलँड सागा', आणि माझं उत्तरही तिथेच आहे. २०१९चा पहिला सीझन विट स्टुडिओचा, २०२३चा दुसरा 'मापा' या स्टुडिओचा. पाटी बदलली. पण दिग्दर्शक शुहेई याबुताच राहिले, पटकथेची जबाबदारी हिरोशी सेकोंकडेच राहिली, पात्रांची रेखाटनं ताकाहिको आबिरूंची, संगीत युताका यामादांचं. मालिका कुठे सांधली आहे ते मला तरी पडद्यावर शोधून सापडत नाही. म्हणून कुणी विचारलं की 'बर्सर्क' कुणाला द्यावं, तर मी कंपनीचं नाव न घेता या चौघांची नावं घेईन.

याबुताच का? एक कारण माझ्या कामाशी जोडलेलं आहे. ते मुळात थ्रीडीतून आलेले आहेत, 'अटॅक ऑन टायटन'मध्ये थ्रीडीची धुरा त्यांच्याकडे होती. थ्रीडी कुठे लपवायचं हे ज्याने स्वतःच्या हाताने केलंय तोच २०१६चा घोळ टाळू शकतो. दुसरं कारण जास्त मोठं आहे. 'विनलँड सागा'चा दुसरा सीझन जवळजवळ सगळा एका शेतावर घडतो. थोर्फिन आणि एनार हे दोन गुलाम जंगल तोडतात, जमिनीत रुतलेले झाडांचे बुंधे उपटायला धडपडतात, म्हाताऱ्या स्वेर्केलची कामं करून त्याच्याकडून घोडा आणि नांगर मिळवतात, गहू पेरतात. ज्या मालिकेचा पहिला सीझन रक्ताने भिजलेला होता, तिच्या दिग्दर्शकाने एक बुंधा निघण्याला लढाईइतका वेळ दिला. आणि थोर्फिनच्या स्वप्नात त्याने मारलेली माणसं खड्ड्यातून त्याच्याकडे चढू लागतात, तेव्हा त्या सगळ्या शांततेचं मोल कळतं. जो माणूस हे करू शकतो तो टेकडीवरचा शेकोटीचा प्रसंग गाळणार नाही.

तू म्हणशील, मग मापालाच द्या, ते शेवटचे त्यांच्यासोबत होते. इथे मात्र मला भीती वाटते. मापाकडे कमालीचे चित्रकार आहेत, 'चेनसॉ मॅन'साठी त्यांनी निर्मिती समितीचा, म्हणजे भागीदार कंपन्यांच्या गटाचा, पैसा न घेता सगळा खर्च स्वतः उचलला, त्या धाडसाचं कौतुकच आहे. पण २०२३मध्ये 'जुजुत्सु काइसेन'च्या दुसऱ्या सीझनच्या वेळी तिथे काम करणाऱ्या चित्रकारांनी वेळापत्रकाबद्दल जे उघडपणे लिहिलं, ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. पहाटे तीनला रेंडर बघत बसणं काय असतं ते मी जाणते. प्रसारणाच्या आदल्या दिवसापर्यंत शॉट दुरुस्त होत असतील, तर मिउरांची एक चौकटही कुणी नीट उतरवू शकणार नाही. पाटी निवडायचीच झाली तर मी विट निवडेन, आणि अट घालेन की सगळे भाग हाताशी तयार झाल्याखेरीज पहिला भाग दाखवायचा नाही.

ही अट मान्य करणं स्टुडिओच्या हातात फारसं नसतं, हे आपल्या चर्चेत नेहमी राहून जातं. बहुतेक मालिकांमागे निर्मिती समिती असते, म्हणजे प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी विकणारे असे भागीदार मिळून पैसे घालतात. स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळते, हक्क बहुधा समितीकडेच राहतात. चित्र काढणारा फ्रीलान्सर तर कितीदा शॉटवर पैसे घेतो, मग त्या शॉटमध्ये एक माणूस उभा असो की घोड्यांची अख्खी पलटण. गट्सचं चिलखत अशा दराने कोण काढेल? म्हणून 'युफोटेबलला द्या', 'मापाला द्या' असं ओरडण्यापेक्षा आपण चाहत्यांनी 'वेळ द्या' असं ओरडायला हवं.

सुरुवात कुठून करायची याबद्दलही माझं मत पक्कं आहे. सुवर्णकाळाची, म्हणजे ग्रिफिथच्या सेनेतल्या दिवसांची, कथा पडद्यावर दोनदा झाली. 'लॉस्ट चिल्ड्रन'ची कथा मात्र एकदाही झालेली नाही, २०१६च्या मालिकेने तीवरून थेट उडी मारली. बापाच्या दारूला आणि माराला कंटाळलेली छोटी जिल, आणि घरातून पळून परीराज्य शोधायला निघालेली तिची मैत्रीण रोझिन, जिने त्यासाठी स्वतःच्या आईबापांचा बळी दिला. शेवटी जिल गट्सबरोबर निघायला बघते, तेव्हा तो तिला रात्री त्याच्याभोवती काय काय जमतं ते दाखवतो आणि परत पाठवतो. घरी परतणारी ती मुलगी मी वाचली तेव्हा नुसती सुन्न झाले होते. नव्या मालिकेने 'काळा तलवारबाज' या पहिल्या कथेपासून मंगाच्याच क्रमाने चालावं, म्हणजे ही मुलगी पुन्हा वाटेत सुटणार नाही. आणि संगीतात सुसुमू हिरासावांचा आवाज हवाच. तिन्ही वेळा तो होता, चौथ्यांदा नसेल तर मला ते 'बर्सर्क' वाटणार नाही.

६ मे २०२१ला मिउरा गेले, अवघे ५४ वर्षांचे होते. १९८९पासून चालत आलेली गोष्ट अर्ध्यावर राहिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली ती त्यांच्या शाळेपासूनच्या मित्रामुळे. कोजी मोरींना मिउरांनी फार पूर्वी शेवटापर्यंतची कथा सांगून ठेवली होती. मोरी आता आठवेल तेवढंच सांगतात, मिउरांच्या हाताखाली तयार झालेली स्टुडिओ गागाची मंडळी ते चित्रात उतरवते. हक्क, करार यापलीकडे जाऊन त्यांनी मित्राचा शब्द राखला आहे. नव्या अ‍ॅनिमेशनचं काही ठरलंच, तर मोरी आणि गागाच्या चित्रकारांना खोलीत बसवून, त्यांच्या होकाराशिवाय एकही भाग पुढे जाऊ नये असं मला फार वाटतं.

तुला अजून युफोटेबलच हवं असेल तर तसं सविस्तर लिही, मी मनापासून वाचेन. पण आधी 'विनलँड सागा'चा दुसरा सीझन पूर्ण बघ, शेतीच सुरू आहे म्हणून चौथ्या भागावर सोडू नकोस. फेब्रुवारीत नाशिकला येतेय. माझे 'बर्सर्क'चे खंड तुझ्याकडे आहेत ते शोधून ठेव, 'लॉस्ट चिल्ड्रन'चा खंड मला हवाय. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे ते कळव.

तुझी,
वैदेही