खुराक राहिला, मेहनत गेली: पोरांसाठी तालमीचं पेठेला आवाहन

सप्रेम नमस्कार.

पोर जरा अंगानं भरलेलं असलं की कोल्हापुरात घरच्यांना बरं वाटतं. पैलवानांचं गाव आहे, त्यात नवल नाही. पण वस्ताद दूध-बदामाचा पेला हातात देत, तो जोर-बैठका काढून आणि लाल मातीत घाम जिरवून झाल्यावर. आपल्या घरांत खुराक तेवढा राहिला, मेहनत गेली. आता तर खुराकही बदललाय. सकाळी चहा-खारी, मधल्या सुट्टीत पाच-दहा रुपयांचं पाकीट, क्लासला जाताना वडापाव, रात्री मोबाईल बघत जेवण.

मागे तालमीत पोरांची उंची-वजनं घ्यायला बसलो, तेव्हा एक मुलगा काट्यावर चढेचना. वर्गात त्याला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. ऐकून आम्हालाच कसंतरी झालं. त्याच दुपारी एक मुलगी आली, तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. दोघांच्या हातात पाकीट एकच. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, हे दोघांचंही खरं.

मातांना एक कळकळीनं सांगायचंय. पोराच्या मानेवर, काखेत जाडसर काळपट पट्टा दिसला तर मळ समजून घासत बसू नका. वजन वाढलेल्या मुलांत तो बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. डॉक्टरांना दाखवा. आणि पोराला उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात पुष्कळदा वजन आहे तिथं थांबलं तरी पुरतं, उंची वाढेल तसं ते अंगाला जुळतं. किती वजन जास्त, हे वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे तक्ते आहेत. शेजारणीच्या नजरेनं ते ठरत नाही.

येत्या जूनपासून रोज संध्याकाळी तासभर तालमीचा आखाडा आणि अंगण पेठेतल्या मुला-मुलींसाठी खुलं ठेवायचं ठरलंय. या वयाच्या पोरांना दिवसाकाठी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या पैलवानांनो, आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. डाव शिकवायची घाई नको, पळवा, लंगडी-खोखो खेळवा, दोरावर चढवा. खेळून झाल्यावर पोरांना नाचणीची आंबील, मोडाची मटकी, फुटाणे, शेंगदाणे, केळं द्यायचं. गूळ बेतानंच, आपल्या कोल्हापूरचा, अभिमानाचा, तरी साखरच ती.

यासाठी एक चांगला वजनकाटा, उंची मोजायची भिंतीवरची पट्टी, दोन मोठी पातेली, आणि नाचणी, मटकी, शेंगदाणे लागतील. गावाकडून धान्य येतं त्यांनी पायलीभर दिलं तरी चालेल. रोख देणाऱ्यांनी पावती घ्यावी. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल. आंबील करायला पाळीपाळीनं हात हवेत, आणि ते फक्त बायकांचेच असावेत असं नाही. महिन्यातून एक रविवार देणारे बालरोगतज्ज्ञ मिळाले तर मोठं काम होईल.

शाळेजवळच्या दुकानदार बंधूंनो, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत पोरांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. फुटाणे, केळी, उकडलेल्या शेंगा दर्शनी ठेवा. सुरुवातीला माल खपला नाही तर उरलेला तालीम विकत घेईल. त्यासाठीही वर्गणीतला वाटा बाजूला ठेवतोय.

मदत संध्याकाळी ६ ते ८ तालमीत आणून द्यावी. पोरांना घेऊन या. काटा या खेपेला आतल्या खोलीत ठेवलाय. आकडा फक्त पोराच्या आई-वडिलांना सांगितला जाईल, दारात उभं राहून कुणी दुसऱ्याच्या पोराचा विचारू नये.

आपले,
तालीम मंडळाचे कार्यकर्ते