प्रत्येक ‘का’चं उत्तर देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात तुम्ही बसता, आणि बारावीनंतर तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज इथून तयार करून देणारे आम्ही काही जण तुम्हाला वेळीअवेळी मेल पाठवून भंडावतो. हे आभाराचं पत्र उघडपणे लिहितोय. तुम्ही जे समजावून सांगितलंत ते आमच्या इनबॉक्समध्ये पडून राहू नये, पुढच्या घरांपर्यंत पोहोचावं, एवढाच हेतू आहे. तुमचं किंवा कॉलेजचं नाव मात्र देत नाही.

अर्जात काही राहिलं की सहसा एक ओळ येते, ‘कागदपत्रं अपूर्ण’. तुमच्या मेलमध्ये काय राहिलं ते असायचंच, पण ते का लागतं हेही असायचं. त्या ‘का’बद्दल हे आभार.

सुरुवात नावाच्या गोंधळापासून. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिकडे कम्युनिटी कॉलेजला ज्युनियर कॉलेजही म्हणतात आणि ते बारावीनंतरची पहिली दोन वर्षं शिकवतं. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज तर १९०१ पासून चालू आहे. पण इथल्या आजोबांना वाटतं, नातू पुन्हा अकरावीत चाललाय. तुम्ही ते दोन वाक्यांत सोडवून दिलंत. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आणि दोन वर्षं विद्यापीठात, पदवी विद्यापीठाची. आणि लगेच बजावलंत, कॉलेज कितीही चांगलं असो, त्याला एसईव्हीपीची, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्यासाठी लागणारी अमेरिकी सरकारची, मान्यता आहे का ते आधी पाहा. मान्यता नसेल तर ते आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, देऊच शकत नाही, आणि आय-२० शिवाय एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, नाही. ‘स्टडी इन द स्टेट्स’ या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकलं की मिनिटात कळतं. आता आमचं कुठलंही काम तिथूनच सुरू होतं.

मग नाव. यावर तुम्ही जितका वेळ घालवलात तितका दुसऱ्या कुणी घातला नसता. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळं. अर्जात फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने. मूल गुणपत्रिका समोर ठेवून भरतं, त्यामुळे आडनाव ‘फर्स्ट’मध्ये जाऊन बसतं आणि वडिलांचं नाव ‘लास्ट’मध्ये. आय-२० त्याच उलट्या नावाने निघतो, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीत तेच नाव चढतं, आणि व्हिसाच्या खिडकीवर पासपोर्ट एक सांगतो, आय-२० दुसरंच. तुमचा उपाय असा: पासपोर्टचं फोटोचं पान उघडा आणि तळाच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींपैकी वरची वाचा. देशाच्या तीन अक्षरांनंतर येतं ते आडनाव. मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा. त्यांच्यापुढे मुलाचं आणि वडिलांचं मिळून ‘गिव्हन नेम’. अर्जात नेमकं तसंच. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, हेही तुम्हीच सांगितलंत. नाहीतर सगळं नाव आडनावात जातं आणि व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, असं छापून येतं. ते निस्तरत मुलाला पुढे प्रत्येक कार्यालयात उभं राहावं लागतं.

दुसरा घोळ बँकेच्या पत्राचा. घरात पैसे असतात, पत्रही असतं, तरी अर्ज अडतो. का, ते तुम्ही एका पत्राची प्रत घेऊन, त्यावर लाल खुणा करून दाखवलंत. ती प्रत आम्ही जपून ठेवली आहे.

पहिली खूण तारखेवर. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, तिकडे सहा मे. पत्र किती जुनं चालेल याची प्रत्येक कॉलेजची मुदत ठरलेली असते, त्यामुळे एक महिन्याचा फरक पत्र बाद करू शकतो. महिना अक्षरात लिहून घ्या. दुसरी खूण रकमेवर. ३५,००,००० हा आकडा आपल्याला पस्तीस लाख दिसतो. तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम पाहायची सवय असलेल्या माणसाला ती छपाईची चूक वाटते. रक्कम अंकात, इंग्रजी अक्षरात, आणि शेजारी त्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये. तिसरी खूण खातेदाराच्या नावावर. पासबुकात नुसती आद्याक्षरं आणि खर्च उचलण्याच्या हमीपत्रावर पूर्ण नाव असेल, तर दोन्ही माणसं एकच आहेत हे तिकडे कुणी गृहीत धरणार नाही. चौथी खूण तुम्ही जिथे काहीच नव्हतं तिथे केलीत: सही होती, पण सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा नव्हता.

आणि पैशांत काय धरायचं? शेत, फ्लॅट, सोनं, भविष्य निर्वाह निधी यांचा सीएकडून काढलेला मूल्यांकन दाखला घरोघरी तयार असतो. तुम्ही समजावलंत की आय-२० देताना कॉलेजला एका वर्षाचा खर्च हाताशी आहे याची खात्री करायची असते. जमीन विकून फी भरता येईल ही शक्यता तिथे कामाची नाही. बचत खातं चालतं, शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र बहुतेक ठिकाणी चालतं, आणि मुदत ठेव चालते की नाही हे कॉलेजला विचारून घ्यायचं, पत्रात ती मुदतीआधी मोडता येते असा उल्लेख असला की सोपं जातं. मावशी किंवा काका तिकडे राहायला जागा आणि जेवण देणार असतील तर नुसतं ‘आमच्याकडे राहील’ पुरत नाही. त्यांचं लेखी हमीपत्र आणि घराच्या पत्त्याचा पुरावा लागतो. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसतं, म्हणून हा मुद्दा लवकर काढायचा.

काका-मावशींवरून आठवलं. फ्रीमॉन्टला किंवा सनीवेलला नातेवाईक असले की एक सल्ला हमखास येतो: एक वर्ष तिथे राहिलं की रहिवाशांची फी लागते. कॅलिफोर्नियात रहिवाशांना युनिटला (म्हणजे वर्गाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर आहेत, परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना सहसा ३०० डॉलरच्या वर. या फरकाच्या आशेवर घरं कर्जाचं गणित मांडतात. तुम्ही स्पष्ट लिहिलंत की एफ-१ वर कितीही वर्षं काढली तरी तो रहिवासी धरला जात नाही, कारण हा व्हिसाच परत जाण्याच्या अटीवर दिलेला असतो. ऐकायला कडू होतं. पण ते वेळेवर कळल्यामुळे काही घरांनी कर्जाची रक्कम आधीच वाढवून मागितली, दुसऱ्या वर्षी हात टेकायची वेळ आली नाही.

वेळापत्रकाबद्दलही तुमचे ऋण आहेत. बारावीचा निकाल मे-जूनमध्ये लागतो आणि सेमिस्टरवाल्या कॉलेजांचं फॉल, म्हणजे वर्षाचं पहिलं, सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. मधल्या दिवसांत मूळ गुणपत्रिका, आय-२०, व्हिसाची तारीख, तिकीट. तुम्ही दोन वाटा दाखवल्यात. एक म्हणजे क्वार्टर पद्धतीची, म्हणजे छोट्या सत्रांची, कॉलेजं, जशी डी अँझा आणि फूटहिल, जिथे फॉल सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. दुसरी म्हणजे सरळ जानेवारीचा प्रवेश, घाई न करता. मुलं जानेवारीला ‘वर्ष वाया’ समजतात. तसं ते नाही, हे तुमच्या तोंडून ऐकल्यावर पालकांना पटलं.

क्षयरोगाच्या चाचणीचं तर आम्हाला सुचलंही नसतं. कॉलेज टीबीची चाचणी मागतं. आपल्याकडे लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, सगळा फेरा. रक्ताच्या ‘इग्रा’ चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती चालते का ते कॉलेजला विचारा आणि इथूनच करून जा, असं तुम्ही सांगितलंत.

व्हिसाचा क्रम आता मुलं पाठ म्हणतात. आय-२० हातात आला की त्यावर सही, मग त्यावरच्या ‘एन’ने सुरू होणाऱ्या सेविस क्रमांकाने आय-९०१ ची, म्हणजे सेविसची, ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग १८५ डॉलरची व्हिसा फी आणि मुलाखतीची तारीख. डीएस-१६० दुरुस्त करून नव्याने भरला तर त्याचा क्रमांक बदलतो. तो तारखेच्या नोंदीतही बदलायचा, नाहीतर बोटांच्या ठशांच्या दिवशीच परत पाठवतात. समाजमाध्यमांवरची खाती लपवायची नाहीत, आणि २०२५ च्या जूनपासून ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची. मुलाखतीत ‘विद्यापीठ सोडून कम्युनिटी कॉलेज का?’ हा प्रश्न येणारच. इथेही तुम्ही पाठ केलेलं उत्तर दिलं नाहीत. मुलाला विचारलंत, तुझा विषय कोणता, पहिल्या सत्रात कोणते चार वर्ग घेणार, पुढे कुठे जाणार, पैसे कोण देणार, परत येऊन काय करणार. ज्याला हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं त्याला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीसमोर वेगळं काही सांगावं लागत नाही. शंका राहिली तर नकार येतो तो २१४(ब) कलमाखाली, म्हणजे परत येण्याची खात्री न पटल्याने, आणि त्यावर ‘माझे गुण चांगले आहेत’ हे उत्तरच नाही.

सगळ्यात मोलाचा हिशेब तुम्ही एका मेलच्या शेवटी, सहज जाता जाता करून दिला होता. एफ-१ टिकवायला सत्राला किमान १२ युनिट लागतात, म्हणून मुलं १२ घेतात आणि निश्चिंत होतात. चार सत्रं गुणिले १२ म्हणजे ४८. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला जायला ६० लागतात. बारा युनिटांची ही तूट शेवटच्या वर्षी कळते, तेव्हा एक सत्र वाढतं, त्याची फी वाढते, घरभाडं वाढतं. म्हणून पहिल्या दिवसापासून सत्राला १५, किंवा उन्हाळ्यात भर. आणि वर्ग निवडताना असिस्ट डॉट ऑर्गवर आपलं कॉलेज आणि हवं ते विद्यापीठ समोरासमोर लावून पाहायचं, कारण आवडलेला प्रत्येक वर्ग पुढे मोजला जात नाही. टॅग नावाची प्रवेशाची हमी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहाच शाखांत आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच, आणि एकाच ठिकाणी. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यांत नाहीत. ‘कम्युनिटी कॉलेजमधून बर्कली पक्कं’ असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला हे एवढंच विचारा, असं तुम्ही म्हणाला होतात.

वर्ग सोडण्याबद्दलचा तुमचा आग्रह आम्ही मुलांच्या बॅगेत घडी घालून पाठवतो. पोर्टलवर एक बटण दाबलं की १२ चे ९ होतात. रात्री दोन वाजता, उद्याच्या परीक्षेच्या धास्तीने दाबलेलं ते बटण सेविसमधली नोंद बंद पाडू शकतं. आधी डीएसओला, म्हणजे कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांचं पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचं. आजारपण असेल तर डॉक्टरच्या पत्रावर परवानगी मिळते. सुरुवातीला भाषा किंवा शिकवण्याची पद्धत अंगवळणी पडत नसेल तर त्यासाठीही सवलत आहे, मात्र किमान सहा युनिट ठेवून, आणि त्या शिक्षणाच्या टप्प्यात एकदाच. नियम माफ करतो, पण आधी विचारलं तर. नंतर विचारलं की तुमचेही हात बांधलेले असतात. आणि पूर्ण वेळ मोजताना सत्रात एकच ऑनलाइन वर्ग धरला जातो, हेही त्याच घडीत लिहिलेलं असतं.

ताई, ही सगळी माहिती नियमावलीत कुठे ना कुठे असते, हे आम्हाला माहीत आहे. पण नियमावलीला कधी वाटत नाही की स्वल्पविरामाच्या जागेवरून नाशिकच्या एखाद्या मुलीचं सत्र हुकेल. तुम्हाला ते वाटलं, आणि तुमच्या कामाची वेळ संपल्यावर तुम्ही ते लिहून पाठवलंत. हल्ली इथल्या आया बँकेत पत्र घ्यायला जातात तेव्हा आमच्या आधी स्वतःच साहेबांना सांगतात, ‘महिना अक्षरात लिहा हं.’ ते वाक्य तुमचं आहे. मनापासून आभार.

वरच्या मजकुरात काही चुकलं असेल, किंवा एखादा नियम बदलला असेल, तर नेहमीसारखी लाल खूण करून परत पाठवा.

आपले,
इकडून अर्ज पाठवणारे आम्ही सगळे