सेन्सर वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. इथे इंदूरला आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी इन्सुलिनवर आहे, त्यांनीही हे वाचावं.

आईही इन्सुलिनवर. तिचा शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट चांगला यायचा, उपाशीपोटीची शुगरही ठीक. तरी सकाळी ती पार गळून गेलेली असायची. डॉक्टरांनी रात्रंदिवस शुगर मोजत राहणारा सेन्सर सुचवला, तो दंडावर लावलात तुम्ही. मग ग्राफमध्ये दिसलं: मध्यरात्रीनंतर शुगर ७० च्या खाली, कधी ५४ च्याही खाली. तीन महिन्यांचा आकडा सरासरीचा, त्यात दुपारची चढलेली शुगर रात्रीच्या पडलेल्या शुगरला झाकून टाकते, हे तुम्ही आईला कागदावर रेघा ओढून समजावलंत. तिच्या वयाला दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ शुगर ७० ते १८० मध्ये राहिली तरी चालेल, पण ७० खाली एक टक्काही नको, म्हणजे दिवसात पाव तासही नाही. हा पाव तास तिच्या डोक्यात पक्का बसला. डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला, आणि आता ती सकाळी उठून स्वतः फुलं तोडायला जाते.

त्या रात्रीचा फोन तर मी विसरणार नाही. अलार्म वाजला, आकडा ५८. मी घाबरून तुम्हाला उठवलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कुठल्या कुशीवर झोपल्यात?" सेन्सरच्याच! तो दाबला गेला की आकडा खोटाच खाली येतो. कुशीवरून उठवून बोट टोचायला सांगितलंत, तर ११२. तुम्ही फोन उचलला नसता, तर मी तिला उगाच साखरपाणी पाजलं असतं. सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या भोवतालच्या पाण्यातली शुगर मोजतो, म्हणून काही मिनिटं मागे असतो. त्रास आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचायचं, हेही तेव्हाच कळलं.

आणि पोहे! इंदूरच्या बाईला पोहे बंद म्हणणारे खूप भेटले. तुम्ही म्हणालात, खाऊन बघा, दोन तासांनी ग्राफ बघा. आता आई अर्धी बशी पोहे आणि वाटीभर मोडाची उसळ खाते, जलेबी नाही. हे तिचं तिनेच ठरवलं.

तिच्या भजनी मंडळातल्या दोघी इन्सुलिनवर आहेत, सेन्सरला घाबरतात. त्यांना तुमच्याकडे घेऊन येऊ का?

तुमची,
आईची लेक