सेल्फ-डायनामोवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहीत आहे, तुमचा फोन बटणांचा, पण तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून लिहून टाकतो.

आर्वीच्या जिनिंगला कापूस घेऊन जाताना ट्रॅक्टर रस्त्यात बसला, मागे भरलेली ट्रॉली, सेल्फ मारला की नुसतं टक टक. दिवाळीतच नवीन बॅटरी टाकली होती. आधीचीही अशीच गेली, दर आठ दिवसांनी पाणी कमी, झाकणाजवळ सडक्या अंड्यासारखा वास, आणि हेडलाइटचे दोन बल्ब उडाले ते वेगळेच. जिथून बॅटरी घेतली त्या दुकानदाराने मीटर न लावताच सांगितलं, माल खराब निघाला असेल, थोडे पैसे भरा आणि मोठी न्या. मी नेणारच होतो बरं का.

तुम्ही आलात, धक्का मारून चालू केलेल्या ट्रॅक्टरकडे नुसतं पाहिलं आणि म्हणालात, "बॅटरीवर बॅटरी कायले बदलून रायला बे, तिले कोण मारून रायलं थे पाय न आधी." मी शहाणपणा करून चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायला गेलो, डायनामो चार्ज देतो की नाही बघायला, आमच्याकडे सगळे असंच करतात. तुम्ही हातावर फटका मारलात, "डायोड उडतीन, कटाऊटही जाईन, मंग बस बोंबलत." कटाऊट म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा छोटा डबा. लागलं जरा, पण बरं केलं.

मीटर तुम्ही माझ्याच हातात दिलं. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू करून थोडी रेस दिली की 13.8 ते 14.5 मध्ये यायला पाहिजे, 13 च्या वर सरकलंच नाही तर चार्जिंग होत नाही आणि 15 च्या पुढे गेलं तर बॅटरी उकळते, हे तेव्हा कळलं. माझ्या ट्रॅक्टरवर आलं 16.1!

मग कटाऊट शोधायला लावलंत. मला वाटायचं तो डायनामोच्या आतच असतो. तुम्ही सांगितलं की पिकअपसारख्या नवीन गाड्यांत तो डायनामोच्या मागच्या झाकणाखाली कार्बनसोबतच (म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या तुकड्यांसोबत) बसवलेला असतो, मोटरसायकलवर रेघारेघांचा अॅल्युमिनियमचा डबा असतो जो एसीचा डीसीही करतो, पण माझ्यासारख्या जुन्या मॉडेलवर बाहेर, पत्र्यावर. "जाड वायर बॅटरीकडं जाते, तिले सोड. बारीक वायर धर अन् तिच्या मागं मागं चाल." चाललो, आणि बॅटरीच्या मागे सापडला, निळ्या रंगात रंगलेला. दसऱ्याला मीच ट्रॅक्टरला रंग मारून घेतला होता, पेंटरने डबा खोलून पत्रा रंगवला आणि रंगावरच परत स्क्रू पिळले.

तुमचं ते विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगतो. डायनामो म्हणजे मोटर, बॅटरी म्हणजे टाकी, कटाऊट म्हणजे टाकीजवळ बसवलेला गडी, टाकी भरत आली की तो मोटर हळू करतो, म्हणजे कार्बनवाटे डायनामोच्या आतल्या चुंबकाला जाणारा करंट कमी करतो. रंगामुळे डब्याची अर्थिंग तुटली, गड्याला टाकी रिकामीच दिसत राहिली, आणि तो बिचारा सोडतोय पाणी, सोडतोय पाणी.

एक वायरचा तुकडा डब्यापासून बॅटरीच्या मायनसला नुसता टेकवलात आणि माझ्या हातातलं मीटर 14.2 वर आलं. अंगावर काटा आला खरंच, दोन बॅटऱ्यांचे पैसे डोळ्यासमोर. पॉलिश पेपरने स्क्रूखालचा रंग घासला, डबा परत आवळला, झालं. नवीन कटाऊट माझ्या गळ्यात मारता आला असता तुम्हाला, मी न विचारता घेतला असता. तुम्ही चहा घेतलात आणि तुरीच्या ओल्या शेंगा, त्याही मी पिशवी हातात कोंबली म्हणून.

दीड महिना झाला काका, बॅटरीतल्या पाण्याची पातळी जागच्या जागी आहे. तुमचं मीटर मात्र माझ्याच टूलबॉक्समध्ये राहिलं, बाजाराच्या दिवशी येताना आणतो, लाल वायरीचं टोक ढिलं होतं तिथे सोल्डर मारून ठेवलं आहे.